पाटील कुठं हापसतो?

गावाचं नाव सांगण्यात अर्थ नाही. गोष्ट रचलेली आहे, आणि तरीही मराठवाड्यातलं कुठलंही जुनं माणूस ती आपल्याच गावची म्हणून भांडेल.

साल 1972. आडात दोर सोडला तर बादली खडकावर आपटून परत यायची. गडी-बाया सगळे दुष्काळी कामावर खडी फोडायला, घरात लाल मिलोची भाकर, आणि पाणी दोन कोसांवरून. अशात गावात ट्रकवर बसवलेलं बोअरचं मशीन आलं. काळ्या कातळात विहीर खणायला जिथे अख्खा उन्हाळा पुरत नसे, तिथे हवेच्या दाबावर चालणाऱ्या त्या यंत्राने दोन दिवसांत सव्वाशे फुटांवर पाणी लावलं. भोक वीतभरही रुंद नाही, त्यात पोहरा जायचा नाही. म्हणून वर हापसा बसला. कुठे बसवायचा हे साहेबांनी पाटलांना विचारलं. पाटलांनी पाराकडे बोट दाखवलं, नारळ फोडला, पहिली कळशी स्वतःच्या हाताने भरली. पाटलांचा आणि हापशाचा संबंध एवढाच.

पंधरवडा उलटला नाही तोच दांडा मोडला.

पाणीपुरवठ्याचे साहेब आले. मोडका दांडा उलटसुलट पाहिला आणि डायरीत कारण लिहिलं, ‘गैरवापर’. दांडा बदलला. मग खीळ गेली. खीळ बदलली तर खालचं वायसर फाटलं. डायरीत कारण तेच.

साहेब वाईट नव्हते, हे सांगायला हवं. त्यांच्या हद्दीत असे कितीतरी हापसे होते आणि सगळेच मोडत होते. सगळीकडे एकच वस्तू मोडते तेव्हा दोष माणसांत आहे असं मानणं जरा विचित्रच, पण हाताखाली गाव असलं की ते सोपं जातं. पुढे 1970च्या दशकाच्या मध्यात पाहणी झाली तेव्हा बोअरवरचे असे बहुतेक हापसे बंद पडलेले आढळले. एवढी सगळी गावं एकाच वेळी अडाणी निघावीत, हा योगायोग अजबच म्हणायचा.

हापसा बिडाचा होता. त्याची जात परदेशी. अमेरिका-युरोपातल्या शेतावरच्या घरांसाठी ओतलेला जुना नमुना, अंगणात एक पंप, घरात पाच-सात माणसं, दिवसाला आठ-दहा बादल्या. आपल्याकडच्या कारखान्यांनी त्याची नक्कल केली, मग त्या नकलेची नक्कल. मूळ नमुन्यात खोट काढायला जागा नाही. ज्या अंगणासाठी तो ओतला होता तिथे त्याने जन्मभर पाणी दिलं असेल. इथे त्याच्यापुढे अख्खं गाव कळश्या घेऊन उभं होतं.

साहेबांनी पहिला उपाय केला तो फलकाचा. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं: ‘पंप सावकाश चालवावा. दांडा पूर्ण वर-खाली करावा. लहान मुलांनी पंप चालवू नये.’ पाणी भरणाऱ्या बायकांपैकी वाचता येणारी एकही नव्हती. फलकाच्या खांबाला मात्र शेळ्या बांधता येऊ लागल्या, एवढी सोय झाली.

दुसरा उपाय कुलपाचा. दांड्याला साखळदंड, किल्ली कोतवालाकडे, सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास. वापर कमी झाला की झीज कमी होईल, असा हिशेब. वापर तिळभर कमी झाला नाही, कारण तहान कमी झाली नव्हती. दिवसभराचं पाणी चार तासांत काढायचं म्हणून सगळे दुप्पट वेगाने हापसू लागले. कुलूप लागल्यावर तिसऱ्याच दिवशी दांडा कानापाशी तुटला. कोतवालावर किल्लीचे पैसे खाल्ल्याचा आळ आला तो वेगळाच.

आता मिस्त्रीची गोष्ट. तालुक्याच्या गावी लेथ चालवणारा हा माणूस. दुरुस्तीचं काम त्याच्याकडे यायचं, दर खेपेला पैसे मिळायचे, म्हणजे हापसा मोडत राहण्यातच त्याचं भलं होतं. पण काही माणसांना तीच वस्तू मोडून पुन्हा हातात आली की अपमान झाल्यासारखं वाटतं. एकदा त्याने खालचं सिलिंडर वर काढलं. आतली पितळी बाजू खालपासून वरपर्यंत सारखी घासलेली असायला हवी होती. ती घासली होती फक्त मधल्या चार बोटांच्या पट्ट्यात, बाकी नव्यासारखी. म्हणजे दांडा कुणी पूर्ण खाली-वर करतच नव्हतं. सगळं गाव तोकडे तोकडे हिसके देत होतं. फलकावर लिहिलेलं नेमकं उलटं.

साहेबांनी हे पाहिलं असतं तर डायरीत ‘गैरवापर’खाली दुहेरी रेघ मारली असती. मिस्त्रीने सायकल पाराला टेकवली आणि तो तिथेच बसला. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत.

त्याने पाहिलं ते असं. हापसा एक घटकाभरही मोकळा राहत नाही. सकाळी बायका, खडीच्या कामावर निघायच्या आधी. दिवसा मोठं माणूस एकही नाही, सगळी पोरं. आठ-नऊ वर्षांच्या मुली, काखेत धाकटं भावंड, हातात घागर. दांडा वर गेला की त्यांचे हात पुरत नाहीत, म्हणून त्या उडी मारून त्याला लोंबकळतात आणि पोटाचा भार टाकून खाली आणतात. दर हिसक्याला बिडावर बीड आपटतं. ‘लहान मुलांनी पंप चालवू नये’ हे ठीक, पण मग दिवसा पाणी कुणी भरायचं? आया सरकारच्याच कामावर गेलेल्या. संध्याकाळी पुन्हा बायका, आणि सकाळच्या दुप्पट.

त्याने मनाशी हिशेब केला. दांडा मिनिटाला 40 वेळा खाली-वर धरला तर दहा तासांत 24,000 वेळा. परदेशातल्या त्या घरात दहा बादल्यांना फार तर 300. म्हणजे इथला एक दिवस तिथल्या ऐंशी दिवसांएवढा. पंधरा दिवसांत मोडलेला दांडा खरं तर तीन वर्षं टिकला होता. त्या बिडाला शाबासकीच द्यायला हवी होती.

इथवर मिस्त्री बरोबर होता. पुढे तोही घसरला. तोकडे हिसके का, याचं उत्तर त्याने स्वतःच्या डोक्यातून काढलं. बायका दमलेल्या, उपाशी, ताकद कमी, म्हणून दांडा पूर्ण खाली येत नसणार. लेथवर त्याने लांब दांडा बनवला, कारण दांडा लांब तर जोर कमी लागणार. शाळेतल्या तरफेचा नियम, त्यात चूक काढायला जागा नाही. दांडा बसवला. हिसके आणखी तोकडे झाले.

तो पुन्हा येऊन बसला. या वेळी हापशाशी एक म्हातारी होती, सगळे तिला आक्का म्हणत. तिनेच विचारलं, “काय बघायलास रे बाबा कवापासून? हापसा पळून जातोय व्हय?”

“आक्का, दांडा पुरता वर का नेत न्हाईत कुणी?”

आक्काने त्याच्याकडे जरा वेळ नुसतं पाहिलं. मग त्याच्या मागे, पाराकडे हनुवटी उडवली. पारावर गावातली थोरली माणसं बसलेली. कुणाचा सासरा, कुणाचा थोरला दीर, कुणाचा चुलतसासरा. “हात डोईच्या वर न्हेला की पदर सुटतो. वाकलं की आणिक सुटतो. समोर सासरा बसलाय. एका हातानं पदर धरायचा आन एका हातानं हापसायचं, मंग कसा न्हेणार वर? त्यात तू दांडा लांब केलास. आता तर हात आणिकच वर जायलाय.”

मिस्त्री गप्प. मग म्हणाला, “हे सायबाला का न्हाई सांगितलं?”

“सायबानं इचारलं कुणाला? पाटलाला. पाटील कुठं हापसतो?”

इथे गोष्ट क्षणभर थांबवून एक सांगतो. वस्तू आणि माणसं यांच्या नात्यावर पुढे जगभर पुष्कळ लिहिलं गेलं. अमेरिकेतले डोनाल्ड नॉर्मन यांचं रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या मानसशास्त्रावरचं पुस्तक 1988 मध्ये आलं आणि वस्तू घडवणाऱ्यांच्या दोन पिढ्या त्यावर पोसल्या. ढकलायचं दार लोक ओढतात तेव्हा चूक लोकांची धरू नका, दाराची धरा, असा त्यांचा रोख. वस्तूने आपल्या अंगानेच सांगावं की मला कसं धरायचं. कळ दाबली तर काहीतरी झालं हे लगेच जाणवावं. चुकीचा वापर मुळात जमूच नये, आणि जमलाच तर निदान महागात पडू नये. हे सगळं मला पटतं. पण दार ओढावं की ढकलावं हे एकट्या माणसाच्या बुद्धीचं कोडं आहे. आक्काचं कोडं तसं नव्हतं. दांडा कसा चालवायचा हे गावातल्या प्रत्येक बाईला पक्कं ठाऊक होतं. फक्त ती दांड्यापाशी एकटी नव्हती, तिच्याबरोबर पदर होता आणि समोर पार होता. आज मोबाइलवरचे अ‍ॅप तयार करणारी मंडळी वापरणाऱ्यांच्या बोटांचा हिशेब ठेवतात, कोण कुठे अडलं, कोण कुठून परत फिरलं. म्हणजे चार बोटांचा झिजलेला पट्टा त्यांना रोज दिसतो. तो पट्टा पाहून ते काय समजतात, ते मात्र त्यांनी आक्का गाठली आहे की नाही यावर ठरतं. आणि नुसतं गाठूनही भागत नाही. मिस्त्री पहिल्या दिवशीही आक्काला भेटलाच असता, पण परक्या गड्याला पदराची गोष्ट पहिल्याच दिवशी कोण सांगेल?

असो. मिस्त्रीला उत्तर सापडलं, आणि नशीब असं की त्याच सुमाराला त्याच्या भागात वेगळ्या जातीचे हापसे येऊ लागले होते. जालन्याच्या मिशनमध्ये आणि सोलापुरात विहिरींचं काम करणाऱ्या लोकांनी बिडाचा नाद सोडून पोलादी हापसा केला होता. त्यात दांड्याला जागोजागी खिळी आणि सांधे नव्हते. एकच धुरा, त्यावर बंद बेअरिंग, आणि दांड्याच्या टोकाला साखळी. साखळीला खाली बोअरमधल्या लोखंडी सळ्या लटकलेल्या. सांधे कमी, म्हणून मोडायच्या जागा कमी. वरचं डोकं झाकलेलं, त्यामुळे पोरांना खडे टाकायला फट नाही.

मिस्त्रीला त्यात सगळ्यांत आवडली ती साखळी. साखळी ओढू शकते, ढकलू शकत नाही. दांडा खाली दाबला की साखळी सळ्या वर खेचते. दांडा वर नेला की सळ्या स्वतःच्या वजनाने खाली जातात, त्यांच्या चालीने. कुणी घाईने दांडा वर फेकला तर साखळी ढिली पडते आणि सळ्या काही लवकर खाली जात नाहीत. घाई करून पाणी जास्त येत नाही, हे हाताला चार वेळा कळलं की पाचव्या वेळी हात आपोआप सावकाश होतो. निळ्या फलकाने जे सांगून जमलं नाही ते साखळीने न बोलता केलं. दांडा भरीव आणि जड, तोही उगाच नव्हे. खालच्या सळ्यांचं वजन तो पेलून धरतो, म्हणून पोरीलाही तो चालवता येतो.

नवा हापसा बसवायला साहेब आले तेव्हा मिस्त्रीने त्यांना दोनच गोष्टी मागितल्या. हापशाचं तोंड अर्धं फिरवायचं आणि पाराच्या बाजूने दगडी आडोसा घालायचा, हापसणाऱ्या बाईच्या डोक्याएवढ्या उंचीचा. साहेब म्हणाले, “अंदाजपत्रकात भिंत नाही.” मिस्त्री म्हणाला, “साहेब, गावात दुसरं काय आहे? खडीच खडी आहे.” आडोसा गावानेच घातला. पारावरच्या मंडळींना आता नुसता दांड्याचा आवाज येई. त्यांनी थोडी कुरकुर केली, गावाचं तोंड झाकल्यासारखं दिसतं म्हणून. ती कुरकुर पाटलांनी साहेबांच्या कानावर घातली. साहेबांनी ती डायरीत लिहिली नाही, याची नोंद मी इथे करून ठेवतो.

पुढचा इतिहास गावाच्या बाहेरचा आहे आणि तो खरा आहे. युनिसेफ, केंद्र सरकार आणि मद्रासमधली अभियंता मंडळी यांनी सोलापूर-जालन्याच्या हापशांवरून एक पक्का नमुना तयार केला, कोइमतूर भागात तो खऱ्या गावांत, खऱ्या गर्दीपुढे वापरून पाहिला, आणि 1970चं दशक सरता सरता तो कारखान्यांतून बाहेर पडू लागला. नाव ‘इंडिया मार्क टू’. त्यावर कुणाची मालकी ठेवली नाही. मापं ठरलेली, तपासणी कडक, बाकी कुणीही बनवावा. लाखोंनी बसला, आफ्रिकेतही गेला. परदेशी अंगणातल्या नकलांची नक्कल जिथून सुरू झाली होती, तिथून नमुना उलट्या दिशेने निघाला, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पण त्या हापशातही एक जण विसरला गेला होता. तो वर्षानुवर्षं टिकायचा हे खरं, तरी खालचं चामडी वायसर कधी ना कधी झिजणारच. आणि किरकोळ खर्चाचं ते वायसर बदलायला सव्वाशे फूट पाइप जमिनीतून उपसावा लागे. त्यासाठी तिपाई, चार-पाच गडी आणि तालुक्याची गाडी. गाडी यायला कधी आठवडा, कधी महिना. वस्तू घडवताना पाणी भरणारी डोळ्यांपुढे आली होती. ती वस्तू बिघडल्यावर पान्हा हातात घेणारं माणूस मात्र कुणी पाहिलं नव्हतं. कारण ते माणूस गाडीतून येणार, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. 1980च्या दशकात कोइमतूर भागात पुन्हा चाचण्या झाल्या आणि त्यातून ‘मार्क थ्री’ निघाला. पाइप सव्वा इंचीऐवजी अडीच इंची, म्हणजे पाइप न उपसता त्याच्या पोटातूनच दट्ट्या वर ओढून घ्यायचा. चामड्याच्या जागी रबरी वायसर. रुंद पाइप जड झाला, महागही झाला, आणि तोच कधी बदलायची वेळ आली तर हाल जास्त. सगळं एकदम मिळत नाही. पण रोजचं दुखणं गावातल्या गावात निघू लागलं. उत्तर प्रदेशात बांद्याच्या बाजूला 1990च्या दशकात महिला समाख्या कार्यक्रमातून दलित बायकाच हापशाच्या मिस्त्री झाल्या. आधी लोक हसले. मग हापसा बंद पडला की त्यांनाच बोलावू लागले.

आपल्या गावातही प्रशिक्षण झालं. तोवर आक्का गेली होती, पण तिची सून शिकायला बसली. शिकवायला तेच साहेब, आता निवृत्तीला आलेले, चष्मा लावलेले. पाटलांचा मुलगा म्हणाला, “बायांना पान्हा उचलणार नाही.” साहेबांनी त्याला विचारलं, “तुम्ही स्वतः कधी उचललात का?” तो पानसुपारीच्या निमित्ताने उठून गेला.

काही महिन्यांनी साहेब पाहणीला आले तेव्हा हापसा चालू होता. आक्काच्या सुनेने हत्यारांची पेटी उघडून दाखवली. पान्ह्याच्या दांड्यावर तिने जुन्या पाइपचा एक तुकडा सरकवून बसवला होता आणि त्यावर चिंधी गुंडाळली होती. असा पाइप लावला की जोर जास्त पडतो आणि बोल्टाचे आटे जातात. साहेबांनी आयुष्यभर लोकांना हे करू नका म्हणून सांगितलं होतं. ते बोलायला तोंड उघडणार तोच सून म्हणाली, “एकलीला घट्ट बोल्ट ढिला होत न्हाई. दोघीला यायला सवड नसती. दुपारी समद्या रानात.”

साहेबांनी खिशातून डायरी काढली. मग पेन. “किती लांब आहे हो हा तुकडा?”

“मोजा की,” सून म्हणाली, आणि पान्हा त्यांच्या हातात दिला.